आधी पाणी बघा, मग पालथं पडा

चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचा चेहराही ओळखू येत नाही. उणे साडेपाच नंबर. समुद्रात डोकं घालून मासे बघणं, म्हणजे स्नॉर्केलिंग, आपल्यासाठी नाही, असं मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत धरून चालले होते. मग मालदीवच्या एका छोट्या बेटावर, भाड्याचं सामान देणाऱ्या मुलाने पेटीच्या तळातून डोळे-नाक झाकणारा, नंबरची काच बसवलेला मास्क शोधून दिला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी तोंड बुडवलं, तर वाळूचा कण न् कण दिसत होता आणि माझ्या पायाच्या अंगठ्याशी एक पारदर्शक कोळंबी चालत होती.

त्याला आता नऊ वर्षं झाली. धाकट्या बहिणीला, तिच्या दोन मुलांना आणि सत्तरी गाठलेल्या आईला मी पाण्यावर पालथं पडून तरंगायला शिकवलं. जे लिहिते आहे ते या शिकण्या-शिकवण्यातून आलेलं आहे.

बेट निवडताना

जाहिरातीतल्या फोटोत पाणी जितकं फिकट, दुधाळ निळं, तितकी तिथे खाली नुसती वाळू. पोहायला, मुलांना खेळवायला याहून सुंदर जागा नाही, पण मासे मात्र तुरळकच भेटतील. मासे असतात प्रवाळाजवळ, आणि त्यातही सगळ्यात जास्त प्रवाळाच्या कडेला, जिथे उथळ पठार संपून समुद्र एकदम खोल होतो.

ही कड घरबसल्या शोधता येते. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि बेट मोठं करून बघा. फिकट निळा रंग म्हणजे उथळ वाळू. तपकिरी, करडे डाग म्हणजे प्रवाळ, क्वचित समुद्री गवत. जिथे तपकिरी संपून एकदम गडद निळा रंग लागतो, ती कड. कडेलगत पांढरी रेघ दिसली तर तिथे लाटा फुटतात. माझा नियम असा: किनाऱ्यापासून कड 50 ते 100 मीटरवर असेल तर स्वतःच्या पायांनी, हव्या त्या वेळी जाता येतं. अर्धा किलोमीटर असेल तर प्रत्येक वेळी बोट लागणार, आणि बोट म्हटली की दुसऱ्याचं वेळापत्रक आलं. राहायची जागा ठरवण्याआधी मी दोनच प्रश्न विचारते. प्रवाळाची कड किनाऱ्यापासून किती लांब आहे? आणि पठारातून कडेपर्यंत जायची वाट कुठे आहे, तिथे खुणेचा दोर किंवा बोये आहेत का? या दोन प्रश्नांना नेमकी उत्तरं देणारी माणसं बाकीच्या बाबतींतही सावध असतात, असा माझा अनुभव आहे.

महिना ठरवताना पावसापेक्षा वाऱ्याचा विचार करा. पावसाच्या सरीत पाण्याखाली फारसं बिघडत नाही. वाऱ्याने उठलेल्या लाटा मात्र वाळू ढवळून पाणी गढूळ करतात. कॅरिबियन आणि पॅसिफिकच्या बऱ्याच भागात व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणून बेटाची पश्चिमेकडची बाजू सहसा शांत. हिंदी महासागराच्या उत्तर भागात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. त्यामुळे मालदीवमध्ये कोरडा, शांत काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. थायलंड तर एकाच देशात दोन तऱ्हा दाखवतो. पश्चिमेकडचं सिमिलान राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, आणि त्याच महिन्यांत पूर्वेकडच्या आखातातलं को ताओ बेट छान असतं. तिथला खवळलेला काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर धरला जातो. तिकीट काढण्याआधी एवढं बघाच.

किनाऱ्यावरचा अर्धा तास

पोचल्याबरोबर पाण्यात उडी मारू नका. शीण असतो, जागा अनोळखी असते. पहिली संध्याकाळ मी नुसती बसून काढते आणि नंतरही प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास बघते. या अर्ध्या तासासाठी मी हट्टी आहे, कारण एकदा तो चुकवला होता.

तेव्हा भर भरतीला आम्ही पठारावरून सहज तरंगत कडेपर्यंत गेलो. दोन तास कसे गेले कळलं नाही. परतताना बघते तो ओहोटी लागलेली, आणि प्रवाळावर जेमतेम वीतभर पाणी. उभं राहावं तर प्रवाळ मोडणार, पोहावं तर पोट घासणार. वाट शोधत कडेकडेने जवळजवळ तासभर फिरलो. शेवटी एका लाटेने मला आपटलंच. गुडघ्यावरची ती जखम भरायला तीन आठवडे लागले. प्रवाळाची जखम वरून खरचटल्यासारखी दिसते, पण तिच्यात बारीक कण अडकतात आणि ती चिघळते. भरपूर गोड्या पाण्याने धुवा, कण निघेपर्यंत घासून काढा आणि जंतुनाशक लावा. लाली पसरत असेल किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका.

म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता आधी बघायचा. बहुतेक ठिकाणी दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, आणि त्यांची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात वाहतं. चंद्र अर्धा असतो तेव्हा भांगाची भरती. पाण्याची ये-जा मवाळ असते. शिकाऊ माणसाला घेऊन जायचं असेल तर मी प्रवासच भांगाच्या दिवसांत ठरवते. उतरण्याची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या तासभर आधी. पाणी चढत असतं, मग थोडा वेळ थांबतं, आणि ते उलटं वाहायला लागायच्या आत तुम्ही बाहेर येता.

तक्ता पाहून झाला की डोळ्यांनी पाणी बघा. लाटा कुठे फुटतात? आणि फेसाच्या पांढऱ्या रेघेत मध्येच एखादी गडद, सपाट फट आहे का? अनोळखी माणसाला तीच फट सगळ्यात सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात लाटांनी आत ढकललेलं पाणी बहुधा तिथूनच बाहेर धावत असतं. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. ओढ पट्ट्यासारखी असते, सगळा समुद्र तुम्हाला ओढत नसतो.

पाण्यावर एखादं पान किंवा काटकी वाहत असेल तर ती कुठल्या दिशेला जाते ते बघा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, येताना प्रवाहाबरोबर. दमल्यावर पाण्याने आपल्याला घरी आणावं. आणि स्थानिक माणसाला विचाराच. वाळूवर बसलेल्या नावाड्याला जे एका नजरेत कळतं ते मला नऊ वर्षांनीही कळत नाही.

मास्क स्वतःचा असावा

पायात घालायचे रबरी पंजे, म्हणजे फिन्स, भाड्याने घ्या, लाइफ जॅकेट भाड्याने घ्या, पण मास्क विकत घ्या. एका सहलीत बोटीवर सगळ्यांना एकाच बादलीतले मास्क वाटले होते. माझा डावीकडून गळत होता. तासाभराच्या वेळेतली चाळीस मिनिटं मी पाणी काढण्यात घालवली, आणि जवळच कासव होतं हे बाकीच्यांकडून कळलं.

बसतो की नाही ते बघायची पद्धत सोपी आहे. पट्टा डोक्यावर न घेता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा, केस बाजूला करा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. किमतीशी याचा काही संबंध नाही, चेहऱ्याच्या ठेवणीशी आहे. मिशा असलेल्यांचा मास्क थोडा गळतोच. ओठावर सिलिकॉनची कड टेकते तिथे व्हॅसलीनचा पातळ थर लावून बघा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड वाकून वाढते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, सैलसर हवा.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढल्याशिवाय काच धुरकटणं थांबत नाही. नंतर दर वेळी आतून थुंकी चोळा, किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा पाण्यात कालवलेला थेंब, आणि एकदाच विसळा.

चष्मेवाल्यांनी नंबरच्या काचा मिळणाराच मास्क घ्यावा. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. नेमका नंबर नसला तर त्याहून किंचित कमी घ्या. मी उणे पाच वापरते आणि पुरतो, कारण पाणी आणि काचेमधल्या हवेमुळे पाण्याखालच्या वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात. मासा केवढा होता हे सांगताना सगळेच थोडं वाढवून सांगतात, त्यामागे हेही कारण आहे.

तोंडात धरून श्वास घ्यायची नळी साधी घ्या, तळाशी पाणी बाहेर टाकायची झडप असलेली. लांब नळी लावून खोल जाता येईल असं कोणाला वाटत असेल तर ते विसरा. पाण्याचा दाब छातीवर एवढा असतो की अर्धा-पाऊण मीटर खाली गेल्यावर वरची हवा ओढणंच अशक्य होतं. अख्खा चेहरा झाकणारे मास्क मी कोणालाच सुचवत नाही. घाबरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत, आणि चांगली बनावट नसेल तर सोडलेलीच हवा आत फिरत राहते.

लाइफ जॅकेट घालण्यात काहीही कमीपणा नाही. आई आजही घालते, आणि आमच्यात सगळ्यात जास्त वेळ तीच पाण्यात असते.

गुणगुणायचं

बहिणीला पहिल्यांदा पाण्यात नेलं तेव्हा दहा सेकंदांत ती नळी थुंकून उभी राहिली. “ताई, मला श्वासच येत नाहीये.” मी तिला नीट बघितलं, तर ती श्वास घेतच होती, एकामागून एक. सोडत नव्हती. घाबरलेलं माणूस वरच्यावर हवा भरत राहतं, आणि नळीत तर आधीच वापरलेली थोडी हवा उरलेली असते. तीच परत आत जाते आणि गुदमरल्यासारखं वाटतं.

मलाही पहिल्या दिवशी हेच झालं होतं, आणि एका वयस्क नावाड्याने उपाय सांगितला होता: नळीतून गाणं गुणगुण. कुठलंही ओळखीचं. गुणगुणताना श्वास आपोआप लांब, सावकाश बाहेर जातो. बहिणीने तोंड बुडवून गुणगुणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तिचे खांदे खाली आले.

शिकवायचा क्रम माझा ठरलेला आहे. कमरेएवढं पाणी, खाली वाळू, लाट नाही. आधी फक्त मास्क लावून तोंड बुडवायचं, श्वास रोखून. मग नळी घेऊन उभ्या उभ्या वाकून गुणगुणायचं, पाच मिनिटं तरी. मग मुद्दाम नळीत पाणी भरायचं आणि “तू” म्हटल्यासारखी एकच जोराची फुंकर मारून ते उडवायचं; हे दहा वेळा. मग मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. हे सगळं झाल्यावर हात पसरून पालथं पडायचं. काहीही करायचं नाही. मीठपाणी तुम्हाला धरून ठेवतं, हे अंगाला पटेपर्यंत पडून राहायचं. आईला यासाठी दोन सकाळी लागल्या, भाच्याला दहा मिनिटं.

फिन्स सगळ्यात शेवटी. गुडघ्यातून सायकल मारू नका. पाय कमरेपासून, सावकाश, पाण्याच्या पृष्ठभागाखाली हलवा. फिन्स घालून चालायचं झालं तर मागे-मागे चालायचं. पोटरीत गोळा आला तर फिनचं टोक धरून आपल्याकडे ओढा.

आता एक गंभीर गोष्ट. हवाईमध्ये स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा आणि थोडक्यात वाचलेल्यांचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की अनेक प्रसंगांत सुरुवात नाकातोंडात पाणी जाऊन झालेली नव्हती. फुप्फुसांत अचानक द्रव साठून रक्तातला प्राणवायू घटला होता. आरडाओरडा नाही, धडपड नाही, माणूस गप्प पडलेलं. म्हणून काहीही श्रम न करता धाप लागली, हातपाय जड वाटले, तर ‘थोडं अजून’ म्हणायचं नाही. उताणं व्हा, नळी काढा, मदत मागा, बाहेर या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि एकट्याने कधीही जाऊ नका. आम्ही जोडीने जातो, हाताच्या अंतरावर. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ‘ठीक’. नुसता अंगठा वर करू नका. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर जाऊ या’ असा होतो. दर दोन-तीन मिनिटांनी एकमेकांकडे बघायचं. उत्तर आलं नाही तर मासे राहू देत, जोडीदाराकडे जा.

खोल बुडी मारण्यासाठी भराभर मोठे श्वास घेण्याची सवय पोरांना लागते. ती तिथेच मोडा. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटून श्वासाची ओढ लागायची बंद होते आणि माणूस पाण्याखाली सूचना न मिळता बेशुद्ध होतो.

एकाच खडकाजवळ थांबा

नवखे लोक पोहत सुटतात. वीस मिनिटांत अख्खी कड पालथी घालतात आणि परत येऊन म्हणतात, मासे फार नव्हते. मासे होते, लपले होते. एकच प्रवाळाचा उंचवटा निवडा आणि त्याच्या वर, थोडं बाजूला, हात न हलवता पडून राहा. पाच मिनिटांत फटीतून डोकी बाहेर येतात. दहाव्या मिनिटाला तुम्ही त्यांच्या लेखी एक ओंडका होता.

मग कान द्या. कुरकुर, कचकच ऐकू येईल. तो पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतोय. त्यातलं शैवाल तो पचवतो, आणि चुन्याचा चुरा मागून ढगासारखा सोडतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण टॉवेल टाकतो त्यातली बरीचशी याच वाटेने आलेली असते. निळा, अंगावर काळा पट्टा असलेला बोटभर मासा एका जागी नाचताना दिसला तर तो क्लीनर रॅस. मोठे मासे त्याच्यासमोर तोंड उघडून थांबतात आणि तो त्यांच्या कल्ल्यांतले परजीवी खातो. समुद्रफूल म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी; त्यात राहणाऱ्या क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठी ती मादी. ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो परत पाण्यात गेला आणि एकाच समुद्रफुलावर अर्धा तास थांबला.

रंग बघायचे तर ऊन वर असताना आणि उथळ पाण्यात. पाणी लाल रंग आधी शोषतं. पाच मीटरखाली लाल गोष्टी तपकिरी-करड्या दिसतात. त्यामुळे दोन मीटरच्या पाण्यात तरंगणाऱ्याला जे रंग दिसतात ते खोल जाणाऱ्याला दिव्याशिवाय दिसत नाहीत. पण त्याच उन्हाने पाठ आणि पोटऱ्या भाजतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि लांब विजार घाला. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब नेतं, त्यामुळे 28 अंशांच्या पाण्यातही तासाभराने थंडी वाजते, तेव्हाही हाच अंगरखा कामी येतो. मग क्रीम फक्त चेहऱ्याला आणि हातांना लागतं. पॅसिफिकमधल्या पलाउ या देशाने 2020 पासून आणि हवाईने 2021 पासून प्रवाळाला अपायकारक मानलेल्या काही घटकांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली. मी झिंक ऑक्साइडचं वापरते.

प्रवाळावर उभं राहू नका, हे मी विनवून सांगते. तो दगड दिसतो, पण त्याची वरची कातडी जिवंत असते. हजारो बारीक प्राणी आणि त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न देणारं सूक्ष्म शैवाल. मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुमच्या कमरेएवढा गोळा शंभर वर्षांच्या आसपासचा असतो. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेली चौथी अशी लाट जाहीर केली. मी एका बेटावर ते पांढरं पठार पाहिलं आहे. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो, पण तेव्हा त्याला आपल्या फिनचा एक फटकाही फार होतो. मास्क नीट करायचा असेल तर वाळूवर जा किंवा उताणं व्हा.

बाकी कशालाच हात न लावणं हे आपल्याही भल्याचं. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख जिवंत असतील तर विषारी नांगी मारतात. स्टोनफिश दगडासारखाच दिसतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, वाळूत लपलेले, शेपटीत विषारी काटा असलेले चपटे स्टिंगरे बाजूला होतात. मोठा, दणकट टायटन ट्रिगरफिश अंगावर येऊ लागला तर खाली त्याचं घरटं आहे. त्याची हद्द वरच्या दिशेने पसरत जाते, म्हणून वर न जाता आडवं पोहत दूर जा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उत्तर भागात नोव्हेंबर ते मे या काळात घातक बॉक्स जेलीफिश असतात. तिथे अंगभर सूट घालतात आणि डंखावर व्हिनेगर ओततात.

कासव दिसलं की त्याच्या वर किंवा समोर जाऊ नका. त्याला श्वासाला वर यावं लागतं, तो रस्ता मोकळा ठेवा. बाजूने, थोडं मागे राहून चला. घाई केली नाही तर ते चरत राहतं.

किनाऱ्यावरचे रिकामे शंख-शिंपले तिथेच राहू द्या, रिकाम्या शंखात राहणाऱ्या साधू खेकड्यांना घरं लागतात. प्रवाळाचे तुकडे सामानात आणू नका. दगडी प्रवाळांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि विमानतळावर ते जप्त होऊ शकतात. कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यावर रात्री टॉर्च मारू नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात.

शेवटच्या दिवसाबद्दल लोक विचारतात. टाकी लावून खोल डुबकी घेतली असेल तर विमानाआधी 18 ते 24 तास थांबावं लागतं. नुसतं पृष्ठभागावर तरंगणाऱ्याला तसं बंधन नाही. सकाळी पाण्यात आणि संध्याकाळी विमानात, हे चालतं. फक्त मास्क वाळायला वेळ ठेवा. गोड्या पाण्यात बुडवून विसळा, सावलीत वाळवा आणि कडक डब्यातच ठेवा. माझा पहिला मास्क कपड्यांखाली दबला होता. त्याची कड कायमची वाकली आणि डाव्या बाजूने पाणी यायला लागलं.